भिंतीकडे तोंड

“ह्या दोन्हींतली कुठली पेटी अशी आहे, की घरातल्या माणसालासुद्धा उघडता येणार नाही?”

सोळुंके साहेबांनी हे विचारलं तेव्हा घरातलं माणूस त्यांच्या शेजारीच बसलं होतं. कावेरीकाकू. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, अगदी कडेला, ऊठ म्हटलं की लगेच उठता यावं अशा बेतानं. त्यांनी मान वर केली नाही. गडबडलो तो मीच.

सतरा वर्षं झाली त्याला. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं तिजोऱ्यांचं दुकान होतं. माझे वडील, बापू, हातानं लोखंडी पेट्या बनवायचे. मी बनवत नव्हतो, कंपनीच्या आणून विकत होतो आणि बसवून देत होतो. त्याच वर्षी आकड्यांच्या तिजोऱ्या नव्या निघाल्या होत्या. बटणं दाबायची, टीं टीं वाजायचं, हिरवा दिवा लागायचा आणि दार उघडायचं. तालुक्यात त्यांची एजन्सी फक्त माझ्याकडे होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्यातला माझा बहुधा तिसरा दिवस चालू होता. मला त्या पेट्यांचं इतकं कौतुक, की मी रोज सकाळी बटणं पुसायचो.

“साहेब, मग प्रश्नच नाही,” मी म्हणालो. “किल्ली म्हटलं की ती कुठंतरी ठेवावी लागते. कुठं ठेवली ते दोन दिवसांत घरात सगळ्यांना माहीत होतं. हरवते, तिची नक्कल होते. आकडा डोक्यात असतो. डोकं काही कुणी उशीखालून काढून नेत नाही.”

साहेबांना ते आवडलं. पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर म्हणून आयुष्य गेलेला माणूस. एक शब्द दोनदा बोलायची सवय नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बटणं जवळून पाहिली.

“बॅटरी संपली तर?” काकूंनी विचारलं. दुकानात आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

“वर्षभर चालते, काकू. संपायच्या आधी लाल दिवा लागतो. आणि शिवाय अडीअडचणीला एक किल्ली येते सोबत.”

“आणि माणूसच संपलं तर? आकडा डोक्यात ठेवून?”

“शुभ बोल जरा,” साहेब म्हणाले.

“तसं नाही. मी काय म्हणायले, किल्लीचीच घ्या. किल्ली हातात तरी धरता येती.”

“तुला काय करायचंय हातात धरून?”

मी घाईघाईनं पावतीपुस्तक काढलं. नवराबायकोच्या मधे दुकानदारानं पडायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ती आकड्याचीच पेटी खपवायची होती.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. औसा रोडकडे कॉलनीत त्यांचं छोटं, नीटनेटकं घर होतं. झोपायच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात पेटी बसवायची होती. चार भोकं पाडली, बोल्ट आवळले, कारखान्यातून आलेला नंबर होता तो मोडून टाकला. मग साहेबांना सांगितलं, की आता तुमचा नंबर घाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ही बापूंची शिकवण. मालक पहिल्यांदा कुलूप लावतो तेव्हा आपण भिंतीकडे तोंड करायचं. डोळे मिटून भागत नाही, मालकाला दिसलं पाहिजे की आपण बघत नाही. बापू म्हणायचे, “रघुवीर, आपल्या धंद्यात माल लोखंडाचा असला तरी विकतो आपण नाव. आणि कुलूपवाल्याला डोळे असतात, तोंड नसतं. घरात जे दिसेल ते उंबऱ्यात सोडून यायचं.”

त्या भिंतीवर माझ्या नाकासमोर एक मोकळा खिळा होता. त्याच्याखाली रंग जरा उजळ होता, फोटोच्या चौकटीएवढा. पाठीमागे चार वेळा टीं वाजलं.

साहेबांनी लाल मखमली डबा आत ठेवला. मी अडीअडचणीची किल्ली पाकिटातून काढून दिली, तर त्यांनी तीही डब्याशेजारी ठेवली आणि दार लावून घेतलं. दहांतले आठ लोक हेच करतात. पेटी उघडायची किल्ली पेटीतच. मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून तेच करतो. साहेबांनाही सांगितलं.

“बाहेर ठेवली तर आकड्याची घेऊन उपयोग काय?” ते म्हणाले.

“वैजूचं हाय ते,” काकू दारातून हळूच म्हणाल्या.

“वैजूचं इथं काही नाही. घरचं आहे.”

हे कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. सोळुंक्यांच्या वैजयंतानं आदल्या वर्षी पुण्यात दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं आणि साहेबांनी ‘मला मुलगी नाही’ असं सांगून टाकलं होतं. एकुलती एक पोर. तिच्या जन्मापासून काकूंनी एकेक डाग करून ठेवला होता. पाटल्या, ठुशी, चपलाहार. ते सगळं त्या लाल डब्यात होतं. काकूंना ते लेकीला द्यायचं होतं आणि साहेबांना द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी ती पेटी होती, आणि मी ती हौसेनं विकली होती.

वर्ष गेलं. दिवाळी आली आणि सरली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांचा फोन आला.

“पांचाळ, घरी ये. आत्ता.”

गेलो. पेटीचं दार उघडं होतं. साहेब पलंगावर ताठ बसले होते, मांडीवर लाल डबा.

“पाटल्या नाहीत. ठुशी नाही. बाकीचं आहे.”

“साहेब, दार फोडलेलं दिसत नाही.”

“फोडायला कशाला लागतं? नंबर घालून उघडलंय. नंबर मला माहीत. आणि पेटी ज्यानं बसवली त्याला.”

“मी भिंतीकडे तोंड केलं होतं, साहेब. तुमच्यासमोर.”

“कंपनीचा एक नंबर असतो म्हणे आतला.”

“तो मी बसवतानाच मोडला.”

“ते तू म्हणायलास.” त्यांचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. “दिवाळीच्या आधी बॅटरी बदलायला तू आला होतास. मी अंघोळीला होतो. आज संध्याकाळपर्यंत काय ते सांग, नाहीतर मी पोलिसात जातो.”

पोलीस आले असते, गेले असते. त्याची नाही भीती वाटली. पण गंजगोलाईत दुपारच्या चहापर्यंत बातमी झाली असती की पांचाळ बसवतो त्या तिजोऱ्या पांचाळच उघडतो. बापूंनी चाळीस वर्षं जे कमावलं ते एका वाक्यात गेलं असतं. तिजोरीवाल्याचं नाव गेलं की त्यानं रद्दी विकावी.

सवयीनं पिशवीतला टॉर्च काढला आणि बटणांवर उजेड टाकला.

पेटीच्या दारावर लक्ष्मीपूजनाची कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. ती असतातच. पण बटणांच्या भोवती जी बारीक खाच असते, तिच्यातही कुंकू होतं. सगळ्या बटणांच्या नाही. दोनच्या, शून्याच्या आणि तीनच्या. तीनच्या खाचेत सगळ्यांत जास्त. बाकीची बटणं स्वच्छ करडी.

पूजेच्या हातानं कुणीतरी नंबर घातला होता. साहेब कुंकवाला हात लावत नसत. त्यांच्या घरात देवाचं सगळं एकच माणूस करत होतं.

मी वळून पाहिलं. काकू दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. नुकतीच पूजा आटोपलेली, बोटाच्या पेरांत कुंकू. मी काय पाहिलं ते त्यांनी पाहिलं. पेला त्यांनी पुढेही केला नाही आणि मागेही घेतला नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं बघणं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, खाटकाच्या दारात.

एक वाक्य बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो. ‘साहेब, ही खाच बघा.’ बस्स. ते वाक्य अगदी ओठांवर होतं. मला राग आला होता, हेही सांगून टाकतो. ह्या बाईनं घरातलं भांडण माझ्या गळ्यात बांधलं आणि आता पाणी आणलंय मला. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“काकू, एक ओलं फडकं द्या.”

त्यांनी दिलं. मी बटणं पुसली. एकेक खाच नीट, नखानं फडकं आत घालून. साहेब बघत होते.

“साहेब,” मी म्हणालो, “ह्या कुलपात दोष आहे. बॅटरी नवी घातली की काही दिवस कधीकधी नंबर न घालताच उघडतं. मला माहीत होतं, मी बोललो नाही. दिवाळीत पाहुणेरावळे आले असतील, कुणाचा हात पडला असेल. चूक माझी. मी तुम्हाला हे कुलूप द्यायला नको होतं.”

असा दोष त्या कुलपात नव्हता. मी त्या फडक्याकडे बघत बोलत होतो. ते एका ठिकाणी लाल झालं होतं, म्हणून मुठीत गोळा करून धरलं होतं.

साहेब माझ्या मुठीकडे बघत होते. मग म्हणाले, “दोष आहे म्हणतोस?”

“हो.”

“मग ही घेऊन जा. किल्लीची आण.”

एवढंच. पोलिसांचं नाव नाही, पाटल्यांचं नाव नाही. हा माणूस इतक्या सहज कसा काय ऐकतोय, असं मला त्याच वेळी वाटायला हवं होतं. पण सुटलो, एवढंच वाटलं.

दोन दिवसांनी माझ्या पदरच्या खर्चानं किल्लीची पेटी घेऊन गेलो. साहेब दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते. काकूंनी चहा आणला आणि कपबशी खाली ठेवून चक्क हात जोडले.

“तुमचं नाव खराब केलं मी, भाऊ.”

“नावाचं काय काकू,” मी म्हणालो. असं म्हणायची पद्धत आहे म्हणून.

“नंबर मला कुणी सांगितला नाही. वर्षभर एकेक करून बघायले मी. आमच्या लग्नाची तारीख घातली. ह्यांची जन्मतारीख घातली. घराची वास्तुशांत झाली ती तारीख. तीनदा चुकलं की मेली ती पेटी पाच मिनिटं बंदच पडायची, आणि ह्यांच्या फिरून यायची वेळ व्हायची. मग मी सोडूनच दिलं. परवा लक्ष्मीपूजनाला दाराला कुंकू लावायले, आणि काय मनात आलं कोण जाणे, हात तसाच बटणावर नेला. तेवीस मार्च घातली. दोन, तीन, शून्य, तीन.”

“तेवीस मार्चला काय असतं?”

“वैजूचा वाढदिवस.”

मी कप खाली ठेवला.

“मुलगी नाही म्हणतेत,” काकू म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “मला दार उघडल्याचा आनंदसुद्धा झाला नाही, भाऊ. इथंच खाली बसून रडले. मग पाटल्या आणि ठुशी काढली. भाऊबिजेला माझा भाऊ आला होता, त्याच्यापाशी पुण्याला पाठवली. सगळं काढायचा धीर झाला नाही.”

“साहेबांशी बोलून बघा ना.”

“तीस वर्षांत कधी बोलून बघितलं नाही, आता काय बोलू?”

फाटक वाजलं. काकूंनी कपबशी उचलली आणि आत गेल्या.

मी साहेबांना कुलूप समजावून दिलं. “दार लोटायचं. हँडल खाली करायचं. मग किल्ली दोन आटे फिरवायची. नुसतं हँडल खाली केलं तर दार बंद दिसतं, पण कुलूप लागलेलं नसतं. हँडल वर केलं की उघडतं. तेवढं विसरू नका.”

“ओव्हरसीयर होतो मी. कळतंय मला.”

दोन किल्ल्या दिल्या. एक त्यांनी तिथल्या तिथं कमरेच्या करदोड्याला बांधली, गाठीवर गाठ मारून. दुसरी माझ्याकडे परत दिली.

“ही आत ठेव.”

“साहेब, मागच्या वेळीच सांगितलं होतं. आत ठेवून काय उपयोग?”

“ठेव म्हणलं की.”

ठेवली. मागच्या कोपऱ्यात, लाल डब्याच्या आड. सांगून सांगून माणूस थकतो. मग भिंतीकडे तोंड केलं. तोच खिळा, तोच उजळ चौकोन. मागे दार लोटल्याचा आणि हँडल फिरल्याचा खट्ट आवाज आला.

“झालं,” साहेब म्हणाले. मी जुनी पेटी हातगाडीवर टाकली आणि निघालो. त्या दिवशी माझं लक्ष कशातच नव्हतं.

साहेबांनी कुणाला काही सांगितलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण परत आलेली पेटी दुकानात पाहून लोकांनी विचारलं, आणि मी पुन्हा तेच खोटं बोललो, कारण एकदा बोललेलं खोटं मधेच सोडता येत नाही. ‘पांचाळची तिजोरी आपोआप उघडते’ हे गावभर झालं. काहींनी त्याला मीठमसालाही लावला, की आपोआप नाही बरं का, पांचाळला शिट्टी वाजवावी लागते. कंपनीच्या माणसानं हे ऐकलं आणि सहा महिन्यांत एजन्सी दुसऱ्याला दिली. तो तरी काय करणार, मीच माझ्या तोंडानं त्याचा माल खोटा ठरवला होता.

“हात दाखवून अवलक्षण केलंत,” बायको म्हणाली. तिलाही मी खरं सांगितलं नाही. कुलूपवाल्याला तोंड नसतं.

मग मी कपाटांचे पत्रे ठोकू लागलो, शटरची कुलपं दुरुस्त करू लागलो. त्यातही पोट भरतं. पण आकड्याची पेटी पुन्हा कधी विकली नाही, आणि खरं म्हणजे किल्लीचीही विकावीशी वाटली नाही. लोक येऊन विचारायचे, कुठली चांगली. मी म्हणायचो, तुम्हाला आवडेल ती घ्या. असा दुकानदार असतो का?

सहा वर्षांनी पेपरात साहेबांचा फोटो आला. तेराव्यानंतर चार दिवसांनी काकूंचा फोन.

“भाऊ, पेटी उघडून द्या. किल्ली फिरंना.”

जाऊ नये असं वाटलं. गुडघे दुखत होते, ऊन होतं, आणि त्या घरानं मला एकदा पुरेसं दिलं होतं. तरी गेलो.

त्या खोलीत सगळं तसंच होतं. फक्त खिळ्यावर फोटो आला होता. पदवीच्या काळ्या झग्यातली मुलगी, दात जरा पुढे, हसणारी. अगदी बापाचा चेहरा.

काकूंनी किल्ली दिली. कडीत काळ्या करदोड्याचा तुकडा तसाच अडकलेला होता. “न्यायच्या वेळी करदोडा तोडला, तेव्हा भावानं काढून ठेवली. शेवटपर्यंत कमरेला होती. दवाखान्यातसुद्धा सोडली नाही. वैजू येणार हाय उद्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. तिचं तिला द्यावं म्हणलं. दोनदा बघितलं, डावीकडं फिरतच नाही. गंजली काय?”

किल्ली घातली. डावीकडे फिरेना. काकू म्हणत होत्या ते खरं होतं. जरा तेल सोडावं म्हणून पिशवीत हात घातला आणि दुसऱ्या हातानं सहज किल्ली उजवीकडे नेली. लोण्यात सुरी जावी तशी फिरली. एक आटा, दोन आटे. आत कडक आवाज झाला.

तो लागल्याचा आवाज होता. उघडल्याचा नव्हे.

मी तसाच थांबलो. मग पुन्हा डावीकडे दोन आटे घेतले आणि किल्ली बाहेर काढली. टॉर्चच्या उजेडात तिचे दात पाहिले. सहा वर्षं वापरलेल्या किल्लीच्या दातांवर ओरखडे पडतात, कडा गोल होतात. कडीकडची बाजू घामानं आणि धोतरानं घासून गुळगुळीत झाली होती, पण दात कारखान्यातून आले तसेच धारदार होते. भोकात पाहिलं. मी माझ्या बोटानं भरलेलं पिवळं ग्रीस तसंच होतं, स्वच्छ. त्यातून आजवर किल्ली गेलीच नव्हती. गेली ती काकूंची दोनदा आणि माझी एकदा.

आणि मग तो सहा वर्षांपूर्वीचा आवाज आठवला. दार लोटल्याचा. हँडलचा. आणि त्यानंतर काहीच नाही.

मी हँडल वर केलं. दार उघडलं.

समोर दुसरी किल्ली होती. मी ती डब्याच्या आड मागच्या कोपऱ्यात ठेवली होती. आता ती अगदी पुढे होती, कडेवर, दार उघडलं की पहिल्यांदा हाताला लागेल अशी. तिच्यामागे लाल डबा.

“उघडलं?” काकू म्हणाल्या. “देवानं केलं. काय झालं होतं?”

बापू कानात बोलले. घरात दिसेल ते उंबऱ्यात सोडून यायचं. गंज होता, काकू, म्हणायचं, तेल घातलं म्हणायचं आणि घरी जायचं. त्या बाईचं वय पासष्ट होऊन गेलं होतं, नवरा जाऊन सतरा दिवस झाले होते. हे ऐकून तिला काय मिळणार होतं? सवयीनं मी भिंतीकडे तोंड केलं. तर तिथं आता मोकळा खिळा नव्हता. ती पोरगी होती, हसत.

मागच्या वेळी मी फडक्यानं बटणं पुसली तेव्हा मला वाटलं होतं, मी ह्या घराला वाचवलं. तो लाल डाग त्या दिवशी साहेबांना दाखवला असता तर कदाचित थयथयाट झाला असता, कदाचित एक ताट आपटलं असतं, पण ती तारीख दोघांच्या मधे मोठ्यानं बोलली गेली असती. मी ती पुसून टाकली होती. तोंड नसण्याचा मला सहा वर्षं अभिमान होता, आणि त्या क्षणी शरम वाटली.

“काकू, बसा जरा,” मी म्हणालो. “पेटीला कुलूप नव्हतंच.”

“म्हणजे?”

“लावलंच नव्हतं कधी. उघड्या कुलपाची किल्ली डावीकडे फिरत नाही. नुसतं हँडल वर केलं की उघडत होतं. पहिल्या दिवसापासून.”

मी त्यांना दात दाखवले, ग्रीस दाखवलं, पुढे आणून ठेवलेली किल्ली दाखवली. त्यांनी सगळं नीट पाहिलं, पोरांनी परीक्षेचा निकाल वाचावा तसं, पुन्हा पुन्हा.

“त्यांना कळलं होतं व्हय? नंबर मीच घातला म्हणून?”

“ती तारीख तुमच्याशिवाय कुणाला सुचली असती, काकू?”

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या, दुकानातल्या खुर्चीवर बसल्या होत्या तशा.

“रोज फडकं मारायची मी ह्या दारावर,” त्या म्हणाल्या. “रोज. हँडलपाशी आलं की हात आखडून घ्यायची. वाटायचं, हललं-बिललं तर म्हणतील, हिनं पुन्हा सुरू केलं. आणि ते तिथं, खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. मी फडकं मारायले की पेपर खाली घ्यायचे. मला वाटायचं, राखण करायलेत.”

त्या रडत होत्या, पण आवाज नव्हता.

“वैजूला पोरगी झाली. बारशाला नुसतं कुंची-टोपडं पाठवलं मी. हे सगळं इथं हाताशी असताना.” मग एकदम रागानं म्हणाल्या, “एक शब्द बोलायला काय झालं होतं मेल्याला!”

नवऱ्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अशी शिवी दिली असावी. ती दिल्यावर त्या स्वतःच दचकल्या, आणि पदरानं तोंड पुसून उठल्या. पेटीशी गेल्या. दार लोटलं आणि हँडलवर हात ठेवला.

माझी मान आपोआप भिंतीकडे वळली. तीस वर्षांची सवय.

“तिकडं कशाला बघायलाव, भाऊ?” काकू म्हणाल्या. “आता कुणापासून लपवायचंय? इकडं बघा.”

मी वळलो. त्यांनी हँडल खाली केलं. वर केलं. दार उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा खाली, पुन्हा वर.

“बघा,” त्या म्हणाल्या, “किती हलकं हाय.”